गो-कार्टचा बेल्ट जळतो तेव्हा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि त्याच दिवसांत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गो-कार्टविषयी, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांविषयी, एक तक्रार हमखास ऐकू येते : इंजिन रेस होते, जळक्या रबराचा वास येतो, पण गाडी उचलत नाही. बहुतेक जण अशा वेळी महागडा बेल्ट आणून बसवतात आणि काही दिवसांत तोही जळतो, कारण बिघाड बेल्टवर दिसत असला तरी त्याचे मूळ बहुधा दुसरीकडे असते.

इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या कार्टच्या स्वयंचलित संचात दोन पुल्या आणि त्यांना जोडणारा एक व्ही-बेल्ट असतो. प्रत्येक पुली दोन तिरप्या तबकड्यांची बनलेली असते. इंजिनाचे फेरे वाढले की त्यावरच्या, म्हणजे पुढच्या, पुलीतील वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो; बेल्टची लांबी ठरलेली असल्यामुळे मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा दाब मोडून खाली उतरतो, आणि गिअर न टाकता दोन्ही पुल्यांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर बदलत जाते. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने हे तत्त्व 1958 साली मोटारीत आणले, तर आपल्याकडे 1984 मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने ते घरोघरी पोहोचवले.

स्कूटर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना व्हेरिएटर (पुढची पुली) आणि रोलर (तिच्यातली वजने) अगदी पाठ असतात, तरी इथे एक महत्त्वाचा फरक आहे. स्कूटरमध्ये बेल्ट कायम पकडीत असतो आणि गाडी सुटताना घसरण्याचे काम मागचा क्लच करतो. कार्टच्या प्रचलित संचात असा वेगळा क्लच नसतो. इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता मंद फिरत, असताना बेल्ट पुढच्या पुलीत सैल असतो आणि मिनिटाला साधारण 2000 फेऱ्यांच्या सुमारास तबकड्या त्याला धरू लागतात. म्हणजे क्लचची झीजही बेल्टलाच सोसावी लागते. ही पकड पाचरीसारखी असते. तबकड्यांमधला कोन 30 अंश असेल, तर सपाट पट्ट्याच्या मानाने घर्षण जवळपास चौपट उपयोगी पडते. त्या तिरप्या पृष्ठभागावर ग्रीसचा किंवा चेनच्या तेलाचा हात लागला, की हा सगळा फायदा गेलाच म्हणून समजावे.

निदानासाठी बेल्ट काढून उजेडात धरावा. दोन्ही कडा सगळीकडे सारख्याच काचेसारख्या चकाकत असतील, तर तो सतत घसरत होता. एकाच जागी तो अरुंद होऊन जळला असेल, तर चाके अडकलेली असताना, म्हणजे ब्रेक दाबून किंवा जाम असताना, इंजिन रेस केले गेले आहे. एकाच कडेचे धागे निघाले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील यंत्रमागाचा जॉबर (माग जुळवणारा कारागीर) जशी दोरी ताणून पुल्या जुळवतो, तशीच ती रेषा इथेही तपासावी. आयडलवर गाडी आपोआप पुढे सरकत असेल, तर आयडल वाढलेला आहे, किंवा पुल्यांमधले अंतर जास्त होऊन बेल्ट सैल राहत नाही. गाडी उभी असताना मागच्या पुलीत बेल्ट काठाच्या बराच खाली बसलेला दिसला, तर तो झिजला आहे.

मात्र सर्वांत जास्त बेल्ट जळतात ते स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, चुकीच्या निवडीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. संचाचे सुरुवातीचे गुणोत्तर 2.7, पुढचे स्प्रॉकेट 10 दात्यांचे, ॲक्सलवरचे 60 दात्यांचे आणि टायरचा व्यास 28 सेंटिमीटर धरला, तर 2000 फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी साडेसहा किलोमीटर येतो. तेवढा वेग येईपर्यंत बेल्ट घसरत राहतो. जास्त पळावी म्हणून ॲक्सलवर 40 दात्यांचे स्प्रॉकेट लावले, तर हाच आकडा जवळपास दहावर जातो, चाकाशी मिळणारी ओढ एक तृतीयांशाने घटते आणि प्रत्येक वेळी गाडी सुटताना बेल्टमध्ये कितीतरी जास्त उष्णता साठते. बाहेर 42 अंश तापमान असताना ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात मागे, ॲक्सलवर, मोठे स्प्रॉकेट लावण्यापासून करावी. त्यानंतर पुल्यांवरच्या झाकणाला हवा खेळण्यासाठी जाळीदार झरोके करावेत, पण झाकण काढून टाकू नये, कारण तुटलेला बेल्ट चालकाच्या पाठीवर आदळू शकतो. पुढच्या पुलीत कडक स्प्रिंग घातली की पकड जास्त फेऱ्यांना, इंजिनाची ओढ वाढल्यावर बसते. मागची स्प्रिंग पुढच्या छिद्रात अडकवून तिचा पीळ वाढवला, की गुणोत्तर उशिरा बदलते आणि वळणानंतर गाडी लवकर उचलते. दोन्ही बदल एकदम करू नयेत, नाहीतर कशाचा काय परिणाम झाला हे कळत नाही.

रुंद बेल्टचा मोठा संच घ्यावा तो इंजिनाची ताकद खरोखर वाढवली असेल तरच. त्यात पुल्यांमधले अंतर बदलते, त्यामुळे माउंटिंगची प्लेटही नव्याने करावी लागते. आणि नवा बेल्ट बसवल्यावर पहिली काही मिनिटे थ्रॉटल कमी-जास्त करत गाडी बेताने चालवावी, म्हणजे कडा तबकड्यांशी नीट बसतात.