चिमणी की पीतकंठी? गळा नंतर, आधी पाठ बघा

दर उन्हाळ्यात ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं, खाली लिहिलेलं असतं 'चिमणीची मादी', आणि ती निघते पीतकंठी, म्हणजे रानचिमणी. गोंधळ होणारच, दोघी मातकट, पीतकंठी थोडी लहान असते पण लांबून ते कळत नाही.

घरचा चिमणा सोपा, राखाडी टोपी, पांढरट गाल, गळ्याखाली काळा डाग. खरी अडचण मादीची.

त्यात पीतकंठी हे नावच फसवतं बघा. तो पिवळा ठिपका एवढुसा, नराच्या गळ्यावर, आणि पक्षी समोरून नीट दिसला तरच दिसतो, मादीत तर एकदम फिका किंवा नाहीच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी पाठ बघा. चिमणीच्या पाठीवर काळपट रेघा असतात, पीतकंठीची पाठ एकदम साधी, एकही रेघ नाही. मग चेहरा, चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट पट्टा असतो, हिचा चेहरा कोरा. आणि चोच! चिमणीची आखूड, जाड, दाणे फोडायची, हिची बारीक टोकदार, आणि ती मोह-पळसाच्या फुलांतला मध पण पिते, चिमणीला असं फुलात तोंड घालून बसलेलं मी तरी बघितलं नाही.

घरटं कुठंय तेही बघा. चिमणी मीटरबॉक्सच्या मागे, फोटोफ्रेमच्या मागे, पंख्याच्या वाटीत सुद्धा काड्या आणते. पीतकंठीला झाडाची ढोली लागते. मागच्या एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगमागच्या वाळक्या गुलमोहराच्या ढोलीत एक जोडी होती, नर तोंडाशी बसायचा, खांद्यावर तांबूस पट्टा आणि त्याखाली पांढरी रेघ, उन्हात इतकी स्पष्ट दिसायची की गळा बघायची गरजच पडली नाही. वस्तीत राहते म्हणून घरचीच असेल असं धरू नका.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी एअरगनने मारलेली चिमणी पण पीतकंठीच होती. ओळखता येईना म्हणून ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली, तिथले सेक्रेटरी मिलार्ड साहेबांनी ओळखून दिली आणि तिथूनच त्यांना पक्ष्यांची गोडी लागली.

तर प्लीज, फोटो काढताना पाठीचा एक तरी काढा, आणि वाळकं झाड तोडायच्या आधी ढोलीत कुणी आहे का बघा, एप्रिल ते जुलैमध्ये तर नक्कीच.