न मोजलेल्या धडका

१९ सप्टेंबर १९८५ची रात्र. मिनियापोलिसच्या छतबंद मेट्रोडोम स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शिकागो बेअर्स ९-१७ असे मागे पडले होते. पाठदुखीने बेजार झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा गडी, जिम मॅकमहन बाकावर बसून होता आणि मला खेळू द्या म्हणून प्रशिक्षक माइक डिट्का यांच्या मागे लागला होता. तिसऱ्या सत्रात डिट्कांनी एकदाचं त्याला मैदानात सोडलं. पहिल्याच चालीत त्याने लांब चेंडू फेकला, विली गॉल्टने तो पकडला आणि ७० यार्डांचं टचडाउन झालं, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार गेला. सात मिनिटांच्या आत असे तीन टचडाउन झाले. बेअर्सनी सामना ३३-२४ असा जिंकला.

त्या पहिल्या फेकीचं चित्रण मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. चेंडू हवेत गेला की नजर आपोआप त्याच्यामागे जाते. पण त्याच्या आधीचा क्षण पाहा. प्रतिस्पर्धी मिनेसोटाचा एक बचावपटू मोकळा सुटून थेट मॅकमहनवर धावून येतोय. मॅकमहनच्या शेजारी उभा असलेला, एरवी चेंडू घेऊन धावणारा वॉल्टर पेटन आडवा येतो, खाली झुकतो आणि त्या धावत्या माणसाला अंगावर घेतो. मॅकमहनला हवा असलेला एक श्वास मिळतो. ७० यार्ड मॅकमहन आणि गॉल्टच्या खात्यात जमा झाले. पेटनने घेतलेल्या धडकेसाठी नोंदवहीत रकानाच नव्हता.

बेअर्सच्या त्या मोसमाची मोजता येईल अशी प्रत्येक गोष्ट मोजली गेली. साखळीतल्या १६ सामन्यांपैकी १५ जिंकले. मायामी डॉल्फिन्सविरुद्धचा तेवढा एक, २ डिसेंबरला, २४-३८ असा हरले. १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त १९८ गुण करू दिले. बाद फेरीत न्यूयॉर्क जायंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांना भोपळाही फोडता आला नाही. २६ जानेवारी १९८६ला न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडवला. पॅट्रियट्सना अख्ख्या सामन्यात चेंडू घेऊन धावत जेमतेम ७ यार्ड पुढे सरकता आलं. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वोत्तम बचाव कोणता, हा वाद निघाला की या संघाचं नाव आजही पहिल्या दोन-तीनांत येतं.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात पाय लावून चेंडू मारण्याचे प्रसंग थोडे. एक चाल काही सेकंदांची असते. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी समोरासमोर वाकून, हात पोचेल इतक्या अंतरावर बसतात. चेंडू मागे सरकवला की दोन्ही रांगा एकमेकांवर आदळतात. चाल संपते, सगळे उठतात, पुन्हा वाकून बसतात. संघाच्या वाट्याला एका सामन्यात चढाईच्या साधारण साठ चाली येतात. रांगेतल्या गड्याचं डोकं दर वेळी आपटतंच असं नाही, पण बहुतेक वेळा कशाला ना कशाला लागतं. साठ गुणिले सोळा, शिवाय सराव. हा आकडा डोक्यात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

बेअर्सच्या बचावाचा आराखडा बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांचा. त्याचं नाव ‘४६’. हा आकडा गड्यांच्या मांडणीवरून आलेला नाही. डग प्लँक नावाच्या त्यांच्या जुन्या बचावपटूच्या जर्सीचा तो क्रमांक, आणि प्लँकची ख्याती होती ती अंगावर झोकून देऊन मारलेल्या धडकांसाठी. मांडणीची कल्पना सोपी आहे. क्वार्टरबॅकला वाचवायला समोर मुख्यतः पाच जण असतात. त्यांच्यावर कधी सहा, कधी सात, कधी आठ जण सोडायचे आणि कोण येणार, कोण मागे थांबणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळू द्यायचं नाही. क्वार्टरबॅकला विचार करायला अडीच-तीन सेकंद लागतात, तेवढे त्याला मिळूच द्यायचे नाहीत. रिचर्ड डेंट, डॅन हॅम्पटन, स्टीव्ह मॅकमायकल, तीनशे पौंडांहून जड असलेला, ‘रेफ्रिजरेटर’ म्हणून ओळखला जाणारा विल्यम पेरी आणि मागून धावत येऊन या गर्दीत घुसणारा डेव्ह ड्युअरसन. त्या मोसमात त्यांनी क्वार्टरबॅकला चेंडूसकट ६४ वेळा जमिनीवर पाडलं. ही ६४ची नोंद आहे.

आता एक धडक जवळून पाहू. शंभर किलोंचा गडी सेकंदाला सात मीटर वेगाने येतोय आणि समोरच्यावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबतोय. वेगातला बदल भागिले वेळ, म्हणजे ७० मीटर प्रतिसेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या सातपट. त्याला थांबवणारं बल ७,००० न्यूटन. त्याच काळात आपल्या रस्त्यांवर आलेली रिकामी मारुती ८०० उचलायला साधारण एवढं बल लागेल. हे झालं अख्ख्या शरीराचं, जिथे मांस, सांधे आणि पॅडिंग धक्का वाटून घेतात. डोक्याचं गणित वेगळं. व्यावसायिक सामन्यांतल्या, कन्कशन झालेल्या (म्हणजे मार बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडलेल्या) धडका पुढे प्रयोगशाळेत पुतळे वापरून पुन्हा घडवून पाहिल्या, तेव्हा डोक्याला बसणारा हिसका सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ९८ पट निघाला. तोही फक्त सेकंदाच्या हजारातल्या पंधरा भागांसाठी.

हेल्मेट यात काय करतं? ते बल मोठ्या क्षेत्रावर पसरवतं आणि थांबण्याचा वेळ किंचित लांबवतं. कवटी फुटू नये यासाठी तेवढं पुरतं. १९६८ साली अमेरिकेत सगळ्या स्तरांवर मिळून ३६ खेळाडू या खेळातल्या थेट इजांनी दगावले होते. त्यानंतर हेल्मेटचे निकष कडक झाले आणि मृत्यू झपाट्याने घटले. हे मोठंच काम झालं. पण हेल्मेट कवटीच्या बाहेर असतं, आणि गोष्ट घडते आत.

आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, खरवसाइतका मऊ. तो मस्तिष्कद्रवात तरंगतो, त्यामुळे त्याचा आतल्या आत पडणारा भार जेमतेम पन्नास ग्रॅमएवढाच उरतो. घरच्या घरी समजून घ्यायचं तर गोल डब्यात दही लावा. घट्ट विरजलं की डबा सरळ पुढे ढकलून थांबवा, दही बहुधा जागचं हलत नाही. आता तोच डबा दोन्ही हातांनी झटकन पिळल्यासारखा फिरवून थांबवा. डबा थांबतो, दही मागे राहतं, कडेपासून सुटतं, आत तडे जातात आणि पाणी सुटतं. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू करून हेच दाखवलं होतं. मेंदू दाबला जात नाही, जवळपास पाण्यासारखाच. पण त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. त्यामुळे सरळ दणक्यापेक्षा डोकं गर्रकन फिरणं जास्त घातक. आणि मार बसला की मान बहुतेकदा फिरतेच. हेल्मेटने ते थांबत नाही.

थर सरकतात तेव्हा ताण येतो तो चेतापेशींच्या लांब धाग्यांवर. हे चेतातंतू हळू ओढले तर ताणून पुन्हा पूर्ववत होतात. गुळाचा पाक हळू ओढला तर तार निघते, झटक्यात ओढला तर तुटतो, तसंच. तंतूच्या आत सूक्ष्मनलिका असतात, पेशीचा माल इकडून तिकडे नेणारे रूळच ते. या रुळांना जागच्या जागी धरून ठेवतं ‘टाऊ’ नावाचं प्रथिन. झटका जोराचा असेल तर रूळ मोडतात, टाऊ सुटतं, त्याला फॉस्फेटचे गट जास्तीचे चिकटतात आणि ते एकमेकांत गुंतून गाठी होतात. विस्कटलेली पेशी कधी सावरते, कधी नाही. या गाठी कुठे साचतात ते पाहण्यासारखं आहे: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. कागदाची घडी जिथे पडते तिथेच तो आधी फाटतो. हिसका बसल्यावर सर्वांत जास्त ताण येतो तोही घड्यांच्या तळाशीच. अल्झायमरमध्ये टाऊच्या गाठी असतात, पण त्यांची जागा अशी नसते. या वेगळ्या आजाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई म्हणतात.

बॉक्सरांना असं काही होतं हे १९२८ पासून माहीत होतं. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी ठोसे खाऊन झिंगल्यासारखे वागणाऱ्या बॉक्सरांवर त्या वर्षी निबंध लिहिला. फुटबॉलपटूंकडे मात्र या नजरेने कुणी बघितलं नाही. अगदी कुणीच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. बेअर्स जिंकत होते त्याच वर्षांत व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेफ्री बार्थ दहा विद्यापीठांतल्या दोन हजारांहून अधिक कॉलेज खेळाडूंची मोसमाच्या आधी स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासत होते, आणि डोक्याला मार बसला की पुन्हा. किरकोळ वाटणाऱ्या मारानंतरही काही दिवस गुण घसरतात, हे त्यांना दिसलं. हे काम व्यावसायिक लीगपर्यंत पोचायला फार वर्षं लागली, आणि ती वर्षं खेळाडूंच्या डोक्यावरून गेली.

२००२ मध्ये पिट्सबर्गचा माजी खेळाडू माइक वेबस्टर पन्नासाव्या वर्षी वारला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊच्या गाठी सापडल्या. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लीगच्या वैद्यकीय समितीने त्यावर आक्षेप घेतले. दूरगामी परिणाम होऊ शकतात हे लीगने मान्य केलं २००९च्या अखेरीस.

डेव्ह ड्युअरसनला हे सगळं ठाऊक होतं. ‘४६’ बचावात तो सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे थांबणारा बचावपटू, असूनही पुढच्या गर्दीत येऊन उभा राहायचा. १९८५ पासून सलग चार वर्षं लीगच्या निवडक संघात तो होता. नोत्र दाम विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतलेला, निवृत्तीनंतर व्यवसाय केलेला, आणि माजी खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या मंडळावर बसलेला माणूस. शेवटच्या काळात त्याचं डोकं दुखायचं, दिसणं अंधुक व्हायचं, आत्ताचं आत्ता विसरायचा, साध्या शब्दांचं स्पेलिंग जुळवताना अडखळायचा. १७ फेब्रुवारी २०११ रोजी, पन्नास वर्षांचा असताना, त्याने आपलं आयुष्य संपवलं. माझा मेंदू संशोधनासाठी द्या, अशी विनंती त्याने लिहून ठेवली होती आणि मेंदूला धक्का लागणार नाही याची काळजी घेतली होती. बोस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने तो तपासला. मे महिन्यात निष्कर्ष जाहीर झाला: बराच पुढे गेलेला सीटीई. स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागांत गाठी. दुसऱ्या कुठल्याही आजाराची खूण नाही.

याच गटाने २०१७ मध्ये व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासून ११० मध्ये सीटीई असल्याचं सांगितलं. हा आकडा वाचून घाबरायला होतं, पण तो जपून वाचायला हवा. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंपैकी किती जणांना हा आजार असतो ते यातून निघत नाही. शिवाय त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं. मॅकमहनला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं निदान झालं आणि तो त्याबद्दल उघडपणे बोलतो. मॅकमायकलला २०२१ मध्ये एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा चेतापेशींचा आजार, झाल्याचं कळलं, २०२५च्या एप्रिलमध्ये तो गेला. या लीगमधल्या खेळाडूंत एएलएसचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळलं आहे. तरी एका माणसाच्या आजाराचं कारण बोट ठेवून सांगता येत नाही. आणि पेटन? तो १९९९ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, यकृत आणि पित्तनलिकेच्या आजाराने गेला. प्रत्येक दुःख धडकांच्या खात्यावर लिहू नये.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा शोध. आधी सगळे कन्कशन मोजत होते, म्हणजे शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे तारे चमकले, असे प्रसंग. मग कॉलेज खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये त्वरणमापक बसवले. एकेका खेळाडूच्या डोक्याला एका मोसमात हजाराहून जास्त धक्के बसल्याच्या नोंदी मिळाल्या. आपला साठ गुणिले सोळाचा हिशेब आठवा. यातले जवळपास सगळे असे, की खेळाडू उठून पुढच्या चालीसाठी वाकला. २०२३ मध्ये ६३१ मेंदूंच्या अभ्यासातून दिसलं की सीटीईचा अंदाज निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून येत नाही. आयुष्यभरात डोक्याने सोसलेल्या एकूण बलावरून येतो. त्याआधीच्या एका अभ्यासानुसार, खेळात घालवलेलं दर वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवतं.

म्हणजे ज्या धक्क्याने कुणी पडलं नाही, ज्यासाठी डॉक्टर मैदानात धावले नाहीत, तोच जमा होत गेला. पेटनने अंगावर घेतलेल्या धडकेसारखा.

आता नियम बदलत आहेत. डोकं खाली घालून धडक मारायला बंदी आली, लांबून धावत येऊन आदळण्याची जागा असलेला किकऑफ, म्हणजे लाथेने चेंडू मारून खेळ सुरू करणं, २०२४ मध्ये नव्याने रचला गेला, सरावात हेल्मेटवर मऊ आवरण आलं. दातांच्या गार्डमध्ये बसवलेले सेन्सर हिसके मोजतात. शाळकरी मुलांनी धडकांचा खेळ कितव्या वर्षी सुरू करावा यावर अमेरिकेतले पालक आज गंभीरपणे बोलतात, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त फरक पडेल, कारण वर्षं तिथूनच मोजायला सुरुवात होते.

सुपर बोल जिंकल्यावर बेअर्स व्हाइट हाउसमध्ये जाणार होते. दोन दिवसांनी, २८ जानेवारी १९८६ला, चॅलेंजर यान कोसळलं आणि तो कार्यक्रम राहूनच गेला. शिकागोचेच असलेल्या राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना ऑक्टोबर २०११ मध्ये बोलावलं. पंचवीस वर्षांनी सगळे हिरवळीवर जमले, केस पिकलेले, काहींची चाल जड झालेली. रायन आले, डिट्का आले, मॅकमहन आला. ड्युअरसनला जाऊन आठ महिने होत आले होते.