एकसंध झालेला कणा आणि बर्नार्ड कॉनर

सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, फ्रान्समध्ये शिकणाऱ्या एका आयरिश तरुणाच्या पाहण्यात माणसाच्या सांगाड्याचा एक विलक्षण भाग आला. त्यात कमरेचं एक हाड होतं, कण्याच्या तळाशी असणारी त्रिकास्थी होती, कमरेचे पाच आणि छातीमागचे दहा मणके होते, उजवीकडच्या पाच आणि डावीकडच्या तीन बरगड्या होत्या. एरवी ही सगळी हाडं सुटी होतात. इथे मात्र सांधे उरलेच नव्हते. सांध्यातली मऊ कूर्चा नाहीशी झाली होती, हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचं हाड झालं होतं आणि खालपासून वरपर्यंत सगळं मिळून एकच अखंड हाड तयार झालं होतं. या तरुणाने त्याचं वर्णन पत्ररूपाने पॅरिसमध्ये छापलं. १६९५च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा गोषवारा इंग्रजीत आला. आज ज्याला आपण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतो, त्या कण्याचे सांधे सुजून पुढे जुळत जाणाऱ्या संधिवाताच्या इतिहासात सर्वांत जुन्या खात्रीलायक वर्णनांमध्ये त्याची गणना होते.

हा तरुण म्हणजे बर्नार्ड कॉनर. विचित्र वस्तू सापडली म्हणून ती कुतूहलाने मांडून ठेवण्याचा तो काळ होता. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दोन तोंडांची वासरं आणि मत्स्यकन्यांची म्हणून खपवलेली हाडं असत. कॉनरने मात्र आपल्यासमोरच्या सांगाड्यातून एक माणूस उभा केला. हा माणूस जिवंत असताना कसा असेल, हा त्याचा प्रश्न होता. त्याला वाकता येत नसणार, ताठ होता येत नसणार, उठणं, आडवं होणं, कूस बदलणं अशक्य. हलवायला उरलं फक्त डोकं, हात आणि पाय. बरगड्याच मणक्यांना जखडलेल्या, मग छाती फुगणार कशी? म्हणजे श्वासावरही परिणाम झालाच असणार. आज संधिवाताचे तज्ज्ञ छातीभोवती टेप धरून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि घेर किती वाढतो ते मोजतात, त्यामागचं निरीक्षण हेच आहे. मला कॉनर मोठा वाटतो तो यासाठी.

त्याचा जन्म १६६६च्या सुमारास आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात झाला. मूळ आडनाव ओकॉनर, घराणं कॅथलिक. तो घरापासून इतका दूर का शिकत होता, हे कळायला आयर्लंडमधल्या वैद्यकीचं त्याआधीचं रूप पाहावं लागतं.

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये वैद्यकी घराण्यांत चाले. ओहिकी, ओली, ओशील, मॅकडन्लेव्ही अशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश सरदारांच्या पदरी असत, त्यांना इनाम जमिनी मिळत, आणि ती आपापल्या शाळा चालवत. ही विद्या मागासलेली नव्हती. अरबी आणि लॅटिन परंपरेतले वैद्यकीय ग्रंथ त्यांनी आयरिश भाषेत आणले होते. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे बर्नार्ड द गॉर्डन या अध्यापकाने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला ‘लिलियम मेडिसिने’ हा ग्रंथ पंधराव्या शतकात आयरिशमध्ये उतरला. किल्डेअरच्या अर्लने त्यासाठी वीस गायी मोजल्याची नोंद एका हस्तलिखितात आहे. जिथे गुरं हीच संपत्ती, तिथे ही किंमत फार मोठी होती.

मग हा आधार तुटला. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदार इंग्रजांकडून हरले, १६०७ मध्ये अल्स्टरचे प्रमुख सरदार देश सोडून गेले, पुढे इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या काळात जमिनी हिरावल्या गेल्या. आश्रयदाते गेल्यावर घराण्यांच्या शाळा टिकणं शक्य नव्हतं. डब्लिनमध्ये १५९२ पासून ट्रिनिटी कॉलेज होतं, पण ते प्रॉटेस्टंटांसाठी. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या कॅथलिक मुलाने जहाज पकडून फ्रान्स, स्पेन किंवा इटली गाठायची, हीच वहिवाट झाली. डोनेगलचा नील ओग्लाकन हा कॉनरच्या आधीच्या पिढ्यांतला असाच एक जण. फ्रान्समधल्या प्लेगच्या साथीत त्याने रोग्यांवर उपचार केले, मृतांचं विच्छेदन करून पाहिलं, १६२९ मध्ये तुलूझला प्लेगवर ग्रंथ छापला आणि पुढे बोलोन्याला प्राध्यापकी केली.

कॉनर विशीच्या उंबरठ्यावर फ्रान्सला गेला. माँपेलिए आणि पॅरिस इथे शिकला, पदवी मात्र रीम्सची घेतली. आयर्लंडमध्ये ज्या माँपेलिएच्या ग्रंथासाठी गायी मोजल्या गेल्या होत्या, तिथेच आता एक आयरिश तरुण विद्यार्थी म्हणून दाखल झाला होता.

पॅरिसमध्ये पोलंडच्या चॅन्सेलरच्या दोन मुलांना मायदेशी पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं. हा प्रवास सरळ रस्त्याने झाला नाही. इटलीमार्गे जाताना त्याने व्हिसुव्हियस पाहिला, नेपल्सजवळची ती प्रसिद्ध गुहा पाहिली जिथे कुत्रं गुदमरतं आणि उभ्या माणसाला काही होत नाही (जड वायू जमिनीलगत साचलेला असतो). पुढे व्हिएन्नावरून तो वॉर्सात पोचला आणि १६९४ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, राजा यान सोबिएस्कीचा दरबारी वैद्य झाला. हा तोच सोबिएस्की, ज्याने १६८३ मध्ये व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठवला होता.

तिथे त्याची कसोटी लागली ती राजाच्या बहिणीच्या, राजकन्या राजिविल हिच्या आजारपणात. दरबारातल्या इतर वैद्यांच्या मते तो ठरावीक अंतराने उलटणारा साधा ताप होता. कॉनर म्हणाला, यकृतात गळू आहे आणि त्या वाचणार नाहीत. परक्या दरबारात, नव्याने आलेल्या परदेशी वैद्याने राजाच्या बहिणीबद्दल असं बोलणं म्हणजे स्वतःचं स्थान पणाला लावणंच. ती गेली, विच्छेदन झालं आणि यकृत त्याने सांगितल्याप्रमाणेच निघालं. नाव झालं. पण राजा स्वतः थकला होता, दरबार गटातटांनी पोखरलेला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस राजकन्या तेरेसा कुनेगुंडा बव्हेरियाच्या इलेक्टरकडे (तिथल्या शासकाकडे) ब्रसेल्सला सासरी निघाली, तेव्हा तिच्या सोबतीचा वैद्य म्हणून कॉनर निघाला आणि तिथून १६९५च्या सुरुवातीला इंग्लंडला गेला.

त्या वर्षाकडे नीट पाहायला हवं. कॉनरने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचा अधिकृत प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. ऑक्सफर्डमध्ये त्याने शरीररचनेवर व्याख्यानं दिली, माल्पिगी, बेल्लिनी, रेदी या इटालियन संशोधकांचं काम इंग्रज विद्यार्थ्यांपुढे मांडलं. तिथेच त्याचा लॅटिन निबंधसंग्रह निघाला, ज्यात त्या सांगाड्यावरही एक निबंध आहे. नोव्हेंबरमध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आणि त्याच १६९५ मध्ये डब्लिनच्या संसदेने कायदा करून कॅथलिकांना आपली मुलं शिक्षणासाठी परदेशी पाठवायला बंदी घातली. ज्या वाटेने कॉनर घडला, तीच बेकायदा ठरली. त्याचं पंथांतर श्रद्धेपोटी होतं की गरजेपोटी, याचा निवाडा करायला मी धजत नाही. त्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याची मोकळीक फार थोड्या आयरिश माणसांना होती.

१६९७ मध्ये त्याने ‘इव्हांजेलियम मेडिसी’ म्हणजे वैद्याचं शुभवर्तमान हे पुस्तक काढलं आणि वादळ ओढवून घेतलं. बायबलमधल्या चमत्कारांत शरीराचं नेमकं काय होत असावं, सृष्टीचे कोणते नियम थांबले तर ते घडतील, याचा विचार त्याने वैद्याच्या नजरेने केला होता. चमत्कार नाकारायचे नव्हते, उलट ते समजण्याजोगे आहेत असं त्याला दाखवायचं होतं. टीकाकारांना त्यात नास्तिकपणा दिसला. पुढच्या वर्षी दोन खंडांत पोलंडचा इतिहास आला. दरबार, निवडणुकीने येणारे राजे, केसांच्या जटा होण्याचा तिथला विकार, लिथुएनियाच्या जंगलात अस्वलांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिगती, असं बरंच काही त्यात आहे. पोलंडविषयी इंग्रजीत इतकं सविस्तर तोवर क्वचितच कुणी लिहिलं होतं.

त्याच वर्षी, १६९८च्या ऑक्टोबरमध्ये, तापाने तो लंडनमध्ये गेला. वय बत्तीसच्या आसपास. सेंट जाइल्सच्या चर्चमध्ये दफन झालं, तिथले रेक्टर, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, विल्यम हेली यांनी प्रवचन दिलं. अखेरच्या दिवसांत एक कॅथलिक धर्मगुरूही त्याच्या खोलीत येऊन गेला होता, असं सांगितलं जातं.

सांगाड्यात दिसलेला आजार नीट ओळखला जायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षं लागली. रशियात बेख्तेरेव यांनी १८९३ मध्ये, जर्मनीत श्ट्रुम्पेल यांनी १८९७ मध्ये आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी १८९८ मध्ये जिवंत रुग्णांवरून या आजाराचं चित्र पूर्ण केलं. १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या जनुकाशी त्याचं नातं सापडलं. युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांत ते आढळतं, पण ते असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही.

जुन्या हाडांवरून निदान करणं किती फसवं असतं, हेही पुढे कळलं. इजिप्तच्या काही फारोंना हाच आजार होता असं मानलं जाई. दुसऱ्या रामसेसचंही नाव त्यात होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात तो म्हातारपणी मणक्यांवर हाड साचण्याचा वेगळा विकार निघाला. त्या विकारात त्रिकास्थी आणि कमरेच्या हाडामधला सांधा बहुधा शाबूत राहतो. कॉनरच्या वर्णनात तोच सांधा पुसला गेला आहे, बरगड्याही मुळाशी जखडल्या आहेत. म्हणून त्याच्या सांगाड्याचं निदान मला पटतं.

अर्थात त्याच्यासमोर होती ती आजाराची शेवटची पायरी. आता डॉक्टर पहिली पायरी शोधतात: ऐन तारुण्यात हळूहळू सुरू झालेली, महिनोन्‌महिने टिकणारी कंबरदुखी, सकाळचा ताठरपणा, विश्रांतीने न थांबणारं आणि हालचालीने हलकं होणारं दुखणं. एक्स-रेमध्ये बदल दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. एमआरआयमध्ये त्रिकास्थी आणि कमरेच्या हाडामधल्या त्याच सांध्याची सूज हाड जुळण्याच्या बरीच आधी दिसते, आणि औषध व व्यायामाचा उपयोग तेव्हा सर्वांत जास्त होतो.