लॅपटॉपशिवाय बोलणारी वाद्यं

रत्नागिरीकडचं नमन असो की जाखडीचा शक्ती-तुरा, ढोलकी, मृदंग आणि झांजेच्या शेजारी आता ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि कीबोर्ड सर्रास दिसतात. गावच्या पथकाकडे ही यंत्रं एकदम आलेली नसतात. ऑक्टोपॅड जुना असतो, बऱ्याचदा दुसऱ्या पथकाकडून घेतलेला. कीबोर्ड मुंबईला नोकरीत असलेल्या कुणीतरी अलीकडे गणपतीला येताना आणलेला असतो. मग साहजिक विचार येतो, की या नव्या कीबोर्डातले चांगले आवाज ऑक्टोपॅडच्या काठीने वाजवता येतील का? चौकशी केली की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘त्याला लॅपटॉप लागेल.’

हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर नसतं. मंडपात, दमट हवेत, वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना लॅपटॉपवर सगळा कार्यक्रम सोपवणं मला तरी पटत नाही. ज्या तंत्राने ही वाद्यं एकमेकांशी जोडली जातात ते मिडी मुळात संगणकासाठी जन्मलेलंच नाही. ते एका वाद्याने दुसऱ्या वाद्याशी थेट बोलावं म्हणून जन्मलं.

१९८० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपल्याच घरची भाषा बोलत असे. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडायचा म्हणजे मोठी खटपट. सिक्वेन्शियल सर्किट्स ही अमेरिकन कंपनी चालवणारे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत सर्वांसाठी एकच जोडणी असावी असा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी याच दिशेने प्रयत्न करत होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं आणि दुसरा वाजला. मध्ये संगणक नव्हता. दोन स्पर्धक कंपन्यांनी ही भाषा सगळ्यांसाठी खुली ठेवली, तिच्यावर मालकी सांगितली नाही, आणि म्हणूनच ती आज चाळीस वर्षांनंतरही चालते. या कामासाठी स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

१९८५ मध्ये रोलँडने आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ पॅड, आणि मागे मिडीची खाच. काठीचा ठोका तारेतून दुसऱ्या यंत्राकडे जायचा आणि आवाज तिथे निघायचा. आवाज पोटात असलेले ऑक्टोपॅड नंतर आले.

मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. जातात ते आकडे. समजा कीबोर्डवर मध्य सप्तकातली काळी पाच दाबली. तारेतून तीन आकडे निघतात: १४४, ७०, १००. पहिल्याचा अर्थ, पहिल्या चॅनलवर, म्हणजे एकाच तारेतल्या स्वतंत्र वाटांपैकी पहिलीवर, स्वर सुरू कर. दुसरा त्या पट्टीचा क्रमांक. तिसरा किती जोराने दाबली त्याचा. बोट उचललं की स्वर थांबवण्याचा असाच निरोप जातो. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत. मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, आणि ४४० हर्ट्झची पांढरी सहा म्हणजे ६९. १२८ किंवा त्याहून मोठा आकडा आला की तो हुकूम, लहान आला की हुकमाचा तपशील, एवढ्या एका नियमावर सगळी भाषा उभी आहे. आवाज पेटीचा निघावा की सनईचा, हे ऐकणारं यंत्र ठरवतं.

हे आकडे सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जातात. त्या काळच्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक्समध्ये १ मेगाहर्ट्झचं घड्याळ सहज मिळायचं आणि त्याला ३२ ने भागलं की नेमका हा वेग येतो. आजच्या हिशेबाने तो अगदी कमी वाटतो, पण संगीताला पुरतो. एका आकड्याला मागेपुढे एकेक खुणेचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणून तीन आकड्यांचा एक ठोका सुमारे १ मिलिसेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम फूटभर जातो. वादकाने स्पीकरपासून एक पाऊल मागे सरकावं, तर त्याला याहून जास्त उशीर ऐकू येईल. उशीर जाणवू लागतो तो दहा-बारा सूर एकदम, एकाच तारेतून पाठवले की. ते एकामागून एकच जातात, त्यामुळे शेवटचा सूर पहिल्याच्या दहाएक मिलिसेकंद मागे पडतो.

आपल्या संगीताची एक अडचण इथे आहे. १२८ ठरावीक पट्ट्यांत मींड कशी बसवायची? त्यासाठी मिडीत पिच बेंड नावाचा वेगळा निरोप आहे. त्यात १६,३८४ पायऱ्या असतात, मधली पायरी ८,१९२, आणि सहसा स्वर दोन अर्धस्वर वर आणि दोन अर्धस्वर खाली ओढता येतो. कानाला या पायऱ्या सुट्या ऐकू येत नाहीत, मींड सलग वाटते. मात्र हा निरोप एका पट्टीला लागू होत नाही, तो पूर्ण चॅनलला लागू होतो. ज्या चॅनलवर षड्ज-पंचम धरून ठेवले आहेत त्याच चॅनलवर मींड घेतली, तर षड्जही सरकतो आणि सगळं बेसूर होतं. म्हणून धरलेले सूर एका चॅनलवर आणि गाण्याची धून दुसऱ्यावर ठेवायची. एका तारेत असे १६ चॅनल मावतात, काटकसर करण्याचं कारण नाही.

गोल, पाच पिनांचा मिडी प्लग बहुतेकांनी पाहिलेला असतो. मूळ मिडीत त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या पिनांतूनच निरोप जातो, दुसरी पिन केबलच्या जाळीला जोडलेली असते, उरलेल्या दोन रिकाम्या. पण खरी करामत ऐकणाऱ्या यंत्राच्या आत आहे. तारेतून आलेला सुमारे ५ मिलिअँपिअरचा प्रवाह तिथे एक बारीक एलईडी पेटवतो आणि समोरचा प्रकाश-संवेदक ती उघडझाप वाचतो. या भागाला ऑप्टोकपलर म्हणतात. म्हणजे पलीकडच्या यंत्रात वीज शिरतच नाही, निरोप उजेडाने पार होतो. केबलची जाळीसुद्धा पाठवणाऱ्या बाजूलाच जमिनीला जोडलेली असते, ऐकणाऱ्या बाजूला मोकळी सोडलेली.

गावच्या मंडपात याची किंमत कळते. एक यंत्र जनरेटरच्या बोर्डावर, दुसरं देवळाच्या मीटरवरून ओढलेल्या वायरवर, आणि अर्थिंगची खात्री कुठेच नाही. अशा वेळी यंत्रं विजेने थेट जोडली की स्पीकरमध्ये घूं असा आवाज भरतो. मिडीची पाच पिनांची केबल ती वाट बंद ठेवते. मिक्सरकडे जाणाऱ्या ऑडिओ केबलींतून येणारी गुणगुण वेगळी, तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. मिडीची केबल १५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरते.

जुन्या यंत्रांत जोडणी अगदी सोपी आहे. ऑक्टोपॅडच्या आउटमधून निघालेली केबल कीबोर्डच्या इनमध्ये घालायची. तिसरं यंत्र असेल तर दुसऱ्याच्या थ्रू या खाचेतून पुढे न्यायचं. इनमध्ये आलेला निरोप थ्रूमधून जसाच्या तसा बाहेर पडतो. फार लांब साखळी मात्र करू नये. प्रत्येक ऑप्टोकपलर उघडझापेच्या कडा किंचित बोथट करतो आणि चार-पाच यंत्रांनंतर आकडे चुकीचे वाचले जाऊ लागतात. त्यापेक्षा थ्रू बॉक्स घ्यावा. तो एका आउटचे चार-पाच आउट करतो. उलटं काम, म्हणजे दोन वाद्यांचे निरोप एका इनमध्ये आणणं, साध्या वाय-केबलने होत नाही. दोघांचे आकडे एकमेकांत घुसून निरर्थक होतात. त्याला मर्ज बॉक्स लागतो, ज्यात एक छोटा प्रोसेसर निरोप रांगेत लावतो.

जोडणी झाली तरी आवाज नेमका यायला हवा. १९९१ मध्ये आलेल्या जनरल मिडी या मानकाने तालवाद्यांना दहावा चॅनल दिला. त्यात ३६ क्रमांक म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर. सुरांच्या वाद्यांच्या यादीत सतार १०५ वर आहे आणि सनई ११२ वर. पण ढोलकी किंवा तबला त्या मूळ यादीत नाही. म्हणून कीबोर्डमधली ढोलकी वाजवायची तर त्या कीबोर्डच्या माहितीपुस्तिकेत तिच्या थापेचा आणि घुमाऱ्याचा क्रमांक शोधायचा आणि ऑक्टोपॅडच्या त्या त्या पॅडला तो द्यायचा. हे काम किचकट आहे, पण एकदाच करावं लागतं. आकडे कागदावर लिहून ऑक्टोपॅडच्या पेटीतच ठेवावेत.

आता लॅपटॉपचा समज आला कुठून, ते पाहू. गेल्या काही वर्षांत स्वस्त कीबोर्डांवरून पाच पिनांची खाच गेली आणि तिच्या जागी चौकोनी यूएसबी आलं. मिडीत दोन्ही यंत्रं बरोबरीची असतात, कुणीही केव्हाही बोलावं. यूएसबीची व्यवस्था हजेरी घेणाऱ्या वर्गासारखी आहे. गुरुजींनी नाव पुकारल्याशिवाय मुलाने बोलायचं नाही. हे गुरुजी म्हणजे होस्ट, आणि चौकोनी खाच असलेलं प्रत्येक वाद्य हे मूल. दोन मुलांना एकमेकांसमोर बसवलं तर दोघंही पुकाराची वाट पाहत गप्प राहतात. लॅपटॉप करत होता ते काम एवढंच, पुकारा करायचं. संगीताशी त्याचा काही संबंध नाही.

हे पुकाराचं काम तळहाताएवढी डबीही करते. दुकानात ‘यूएसबी मिडी होस्ट’ म्हणून विचारावं. केंटन, सीएमई अशा कंपन्या ती बनवतात. एका बाजूला पेनड्राइव्हसाठी असते तशी चपटी यूएसबी खाच, दुसऱ्या बाजूला पाच पिनांचे इन आणि आउट. नवा कीबोर्ड यूएसबीने डबीला जोडायचा, जुना ऑक्टोपॅड पाच पिनांनी, आणि डबी निरोप इकडून तिकडे पोचवते. घेण्याआधी आपला कीबोर्ड ‘क्लास कम्प्लायंट’ आहे याची खात्री करावी, म्हणजे स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय (संगणकात वेगळा टाकावा लागणारा प्रोग्रॅम) चालणारा. काही यंत्रांत सेटिंगमध्ये ड्रायव्हरचा पर्याय बदलून ‘जेनेरिक’ करावा लागतो. ज्याला खास ड्रायव्हर लागतोच, तो या डबीशी बोलणार नाही.

इथे पैसे वाया जाण्याची एक जागा आहे. ऑनलाइन दुकानांत एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग असलेली स्वस्त केबल मिळते. दिसायला ती अगदी हेच काम करेल अशी वाटते. पण तीसुद्धा पुकाराची वाट पाहणारीच आहे. कीबोर्डच्या चौकोनी खाचेत तिचं टोक जातच नाही, आणि अडॅप्टर लावून घातलं तरी काही घडत नाही. ती संगणकासाठी आहे. काही स्वस्त केबलींत ऑप्टोकपलरही गाळलेला असतो, म्हणजे घूं आवाजापासून मिळणारं संरक्षण गेलं.

तालाची जुळणीही याच तारेतून होते. पाश्चात्य संगीतातल्या एका क्वार्टर नोटला, म्हणजे आपण तिला एक मात्रा धरली तर एका मात्रेला, २४ सूक्ष्म ठोके पाठवले जातात. केरव्याच्या ८ मात्रांच्या आवर्तनात असे १९२ ठोके होतात. ऐकणारं यंत्र ते मोजून आपला ताल चालवतं. ठोके देणारं यंत्र एकच असावं, दोघांनी द्यायला सुरुवात केली की लय डळमळते. पण नमन-जाखडीत ही सोय वापरू नये असं माझं मत आहे. तिथे लय ढोलकीवाला चढवत नेतो, गाणाऱ्याचा आणि नाचणाऱ्यांचा अंदाज घेऊन. यंत्राची ठरलेली लय त्याच्यावर लादली तर तो कार्यक्रमच वेगळा होईल. यंत्रांनी ठोका आणि सूर पोचवावेत, लय माणसाच्या हातात राहू द्यावी.

मिडीत चूक तपासण्याची सोय नाही. निरोप हरवला तर पुन्हा पाठवला जात नाही. ‘सूर थांबव’ हा निरोप हरवला की तो सूर वाजतच राहतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पिनांवर गंज धरतो, प्लग हलला की क्षणभर संपर्क तुटतो आणि नेमकं हेच घडतं. बऱ्याच यंत्रांत यासाठी ‘पॅनिक’चं बटण असतं, ते कुठे आहे हे मंचावरच्या प्रत्येकाला माहीत हवं. ते नसेल तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणं हाच उपाय. केबल वापरात नसताना प्लगवर टोपण घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. गंज दिसू लागला की विजेच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकल्यावरच यंत्रात घालाव्यात.

होस्ट डबीला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो पॉवर बँकेवरून देता येतो, त्यामुळे वीज गेली तरी ती चालू राहते. पण डबी इतकी कमी वीज खाते, की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. कमी लोडवर न थांबणारी पॉवर बँक घ्यावी, आणि कार्यक्रमाच्या आधी सगळं जोडून, काही न वाजवता अर्धा तास तसंच ठेवून मग एक ठोका मारून पाहावा.