ॲबट अँड कॉस्टेलो गो टू मार्स

हा १९५३ सालचा अमेरिकन विनोदी सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम सव्वा तासाचा. युनिव्हर्सल इंटरनॅशनलने काढलेला, दिग्दर्शक चार्ल्स लॅमाँट. नावात मंगळ आहे पण यातलं कोणीच मंगळावर पोचत नाही, आणि माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भारी गंमत तीच आहे.

बड ॲबट आणि लू कॉस्टेलो ही जोडी स्टेजवरून आली, १९४१ च्या 'बक प्रायव्हेट्स' सिनेमाने दोघं एकदम स्टार झाले. ॲबट सडपातळ, फटाफट बोलणारा, कायम हुकूम सोडणारा. कॉस्टेलो बुटका, गोलमटोल, घाबरट. चूक कोणाचीही असो, बोलणी कॉस्टेलोनेच खायची हे ठरलेलं. युनिव्हर्सलने यांना १९४८ ला फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासमोर उभं केलं, १९५१ ला अदृश्य माणसासमोर, मग त्या दिवसांत अमेरिकेत अंतराळाच्या सिनेमांची लाटच होती तर यांना रॉकेटमध्येही बसवलं. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती हे लक्षात घ्या.

गोष्ट अशी की लेस्टर (ॲबट) आणि ऑर्व्हिल (कॉस्टेलो) मंगळासाठी बनवलेल्या रॉकेटमध्ये सामान भरायला जातात, ते चुकून उडतं आणि उतरतं कुठे तर अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्स शहरात, तेही ऐन मार्डी ग्रामध्ये. मार्डी ग्रा म्हणजे ख्रिश्चनांचे ईस्टरआधीचे लेंटचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारचा जल्लोष, आपल्या गोव्याचा कार्निव्हल संपतो तोच दिवस, मूळ एकच. रस्त्यावर भलीमोठी मुंडकी घातलेली, विचित्र सोंगं घेतलेली माणसं नाचतायत आणि हे दोघं स्पेससूट घालून त्यांच्याकडे बघतायत, यांची खात्रीच पटते की आपण मंगळावर आलो! कॉस्टेलोचा चेहरा इथे बघण्यासारखा आहे, डोळे विस्फारलेले, तोंडातून शब्द फुटत नाही, नुसता चिरका आवाज. आणि गर्दीतल्या कोणालाच हे दोघं वेगळे वाटत नाहीत कारण त्या दिवशी सगळेच सोंगात. एक पैसाही मंगळाच्या सेटवर न घालवता पृथ्वीचाच मंगळ करून टाकला, ही कल्पना मला आजही फार आवडते.

मग तुरुंगातून पळालेले दोन चोर स्पेससूट घालून बँक लुटतात, आळ आपल्या जोडीवर येतो, आणि चौघं रॉकेटमधून थेट शुक्रावर. तिथे फक्त बायका, पुरुषांना केव्हाच हाकलून दिलेलं. राणी अल्युरा (मारी ब्लँचर्ड) ऑर्व्हिलवर भाळते, माझ्याशी एकनिष्ठ राहा, राजा करते म्हणते. तो राहत नाही. सगळ्यांची हकालपट्टी. हा भाग मला जरा लांबलेला वाटतो, धावपळ कमी होते आणि सुंदर पोरींची परेडच जास्त. त्यांच्यात मिस युनिव्हर्स स्पर्धेतल्या मुली होत्या, एक गार्ड तर अनिता एकबर्ग, म्हणजे १९६० च्या 'ला दोल्चे व्हिता' सिनेमामुळे पुढे जगभर गाजली तीच.

शुक्रावर राणीचा महाल दाखवणं तेव्हा अगदीच अशक्य वाटत नसणार, कारण तो ग्रह कायम ढगांनी झाकलेला, खाली काय आहे कोणालाच दिसत नव्हतं. १९६२ ला मरीनर २ यान जवळून गेलं तेव्हा कळलं की खाली भट्टीसारखी उष्णता आहे, शिसं वितळेल इतकी.

शेवटी दोघं परत येतात, हिरो म्हणून मिरवणूक निघते. अल्युरा तिकडून बघत असते, ती एक यान पाठवते आणि ते बरोबर ऑर्व्हिलच्या डोक्यावर केक टाकून जातं.