गाबोळीची जागा, नराच्या पोटात

1 जूनला पावसाळी मासेमारीबंदीमुळे गोव्यात यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि फोंड्याच्या बाजारात बांगड्याच्या जागी रोहू-कटला दिसू लागतात. समुद्राच्या मासळीवर वाढलेली माणसं त्यांना नाक मुरडतात, मीही त्यातलाच. पण माशाचं पोट आतून बघायचं तर रोहूसारखा मासा नाही. सगळं ऐसपैस.

परवा दोन आणले. बाहेरून जुळे भाऊच. पोट चिरल्यावर दोघांतही आधी आतड्यांचं लांबलचक वेटोळं, त्यात गुंतलेलं यकृत. (पित्ताची पिशवी फोडू नका, कालवण कडू होतं.) ते बाजूला सारल्यावर मात्र फरक दिसला. वाताशयाखाली, म्हणजे हवेच्या पिशवीखाली, एकीत दोन पिवळसर फुगीर पिशव्या, पातळ पडद्याआड रव्यासारखे दाणे. ही गाबोळी, म्हणजे अंडाशय. दुसऱ्यात नेमक्या त्याच जागी दोन चपट्या पांढऱ्या पट्ट्या. दाबल्यावर दुधासारखा थेंब आला. हे वृषण, साफ करताना बरेचजण चरबी समजून फेकतात. मासे कोवळे असते तर दोन्हींत नुसते धागेच दिसले असते, आणि नर-मादी सूक्ष्मदर्शकाखालीच कळले असते.

माणसात अंडाशयातून सुटलेलं बीज वेगळी नलिका झेलते. रोहूत झेलाझेली नाही. अंडाशय आतून पोकळ, आणि तीच पिशवी मागे निमुळती होत नळी बनते. किलोमागे 2-3 लाख अंडी असताना हेच शहाणपणाचं. नराचीही शुक्रनलिका मूत्रपिंडाशी संबंध न ठेवता स्वतंत्र जाते. बेडकात शुक्राणूंना मूत्रपिंडातूनच वाट काढावी लागते.

मला खरं नवल यकृताचं वाटतं. अंड्यातल्या बलकाचं प्रथिन गाबोळीत तयार होत नाही. अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत ते बनवतं आणि रक्तातून पाठवतं. त्याचा जनुक नराकडेही असतो, फक्त सांगणारं कुणी नसतं. सांडपाण्यातून इस्ट्रोजेन नदीत उतरलं, तर नराचं यकृतही हे काम सुरू करतं.

तळ्यातल्या रोहूची गाबोळी भरते, पण वाहत्या पाण्यावाचून मादी अंडी घालत नाही. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांच्याच मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ती अडचण सोडवली. न टोचलेल्या मादीचं शरीर ती अंडी हळूहळू जिरवून टाकतं. आमच्या घरी तेवढा धीर नव्हता. हळद-तिखट लावून, खऱ्या रव्यात घोळवून गाबोळी तव्यावर गेली.