पुलावरचे संत आणि दगडातलं जिप्सम

सप्टेंबर १८९० मध्ये प्रागच्या व्ल्टावा नदीला महापूर आला. वाहत आलेले लाकडाचे ओंडके चार्ल्स पुलाच्या कमानींत अडकून पाणी तुंबलं आणि तीन कमानी कोसळल्या. त्यांच्याबरोबर दोन मूर्तिसमूह नदीत गेले. त्यातला एक सेंट फ्रान्सिस झेवियरचा. ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे, तोच संत. फर्डिनांड ब्रोकॉफने १७११ साली घडवलेल्या या समूहात पूर्वेकडच्या देशांतली माणसं संताचा चौथरा खांद्यांवर पेलून धरतात. आज पुलावर दिसते ती त्याची नक्कल. मूळ मूर्तीचे अवशेष शहरातल्या लॅपिडेरियम या शिल्पसंग्रहालयात आहेत.

पूल १३५७ मध्ये बांधायला घेतलेला. त्यावरची शिल्पं तीस, बहुतेक १७०६ ते १७१४ या काळातली आणि बहुतेक वालुकाश्माची. पुराने दोनच समूह नेले. बाकीच्यांच्या मुळावर आला तो धूर.

वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्झचे कण. त्यांना आम्ल काही करू शकत नाही. कच्चा दुवा असतो तो कणांना धरून ठेवणारा माल: कुठे चिकणमाती, कुठे चुना. प्रागमध्ये दीर्घकाळ उत्तर बोहेमियातला गंधकयुक्त लिग्नाइट कोळसा जळत होता. त्यातून निघालेला सल्फर डायऑक्साइड दमट हवेत सल्फ्युरिक आम्ल होतो आणि चुना भेटला की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज, बनवतो. हा चुना दगडातलाच हवा असं नाही; दगडांच्या सांध्यांत भरलेला चुन्याचा माल आणि हवेतली धूळही पुरते. चुन्यातल्या कॅल्साइट या खनिजाचं जिप्सम होताना ते जवळपास दुप्पट जागा मागतं. ते दगडाच्या छिद्रांत घडलं, की दगड आतून ढकलला जातो.

लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून जिथे पाऊस थेट आपटतो तिथे ते धुऊन जातं आणि दगड फिकट राहतो. आडोशाला मात्र ते साचतं, काजळी धरतं आणि काळी खपली तयार होते. ही खपली दिसायला टणक. तिच्यामागचा दगड मात्र बोट लावताच वाळू होऊन गळतो. एक दिवस खपली सुटते आणि नाक, बोटं, पदराची कड घेऊन जाते.

मला वाटतं, यात बरोक या नाट्यमय, खोल कोरीवकामाच्या शैलीचंच दुर्दैव आहे. मात्तियास ब्राउनची १७१० सालची सेंट लुटगार्डा पाहा. क्रूसावरचा ख्रिस्त खाली वाकून अंध जोगिणीला जवळ घेतोय. तिच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या खोल कोरल्यात, की शिल्पाचा निम्मा जीव त्या सावल्यांत आहे. पण तेच आडोसे, पावसाचं पाणी न पोहोचणारे! सपाट, साध्या मूर्तीवर खपली धरायला इतक्या जागाच नसत्या.

त्यात मिठाची भर. मोटारी बंद होईपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, हा वाहता रस्ता होता आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलं जाई. खारं पाणी दगडात चढतं, सुकतं, आतच स्फटिक धरतं. गोठलेलं पाणी नऊ टक्के फुगतं ते वेगळंच.

नेपोमुकच्या संत जॉनचं १६८३ सालचं शिल्प ब्राँझचं, म्हणून त्याची गोष्ट निराळी. तांब्याच्या क्षारांचा हिरवट थर ब्राँझवर जमला, तरी तो बराचसा कवचाचंच काम करतो. चौथऱ्यावरच्या फलकांचे काही भाग मात्र पिवळेधमक चकाकतात, कारण नशीब उघडावं म्हणून लोक तिथेच हात घासतात. थर धरायला उसंतच मिळत नाही.

झेवियरच्या गोव्यातल्या घराचीही दगडाशीच झुंज आहे. बॉम जेझूच्या जांभ्यावरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. सच्छिद्र जांभा उघडा पडला आणि पाऊस तो झिजवतोय. पुन्हा गिलावा करावा का, यावर गोव्यात वाद झडतात. माझं मत विचाराल तर करावा. तो जांभा उघडा ठेवण्यासाठी रचलेलाच नव्हता.

प्रागची हवा १९९०च्या दशकात खूप सुधारली. वीजकेंद्रांच्या धुरातून गंधक वेगळं काढलं जाऊ लागलं. पण आधीचं जिप्सम दगडात आहेच. ओल आली की थोडं विरघळतं, सुकलं की पुन्हा स्फटिक होतं. ओल्या कागदी लगद्याचे लेप लावून क्षार ओढून काढता येतात, पण खोलवरचे सहजी निघत नाहीत. म्हणून लुटगार्डाच्या जागीही १९९५ मध्ये नक्कल उभी राहिली. काही मूळ मूर्ती लॅपिडेरियममध्ये आहेत, काही व्हिशेह्राड किल्ल्याच्या गोर्लिसे नावाच्या भुयारी दालनात.